मल्लाप्पा मेस्त्रींच्या पट्टीखालचा उजेड

अध्यक्ष आबा, आपल्या बुलेट मंडळाची सगळी मंडळी, पाटील सर, उद्यमनगरातले माझे कारागीर बंधू, आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मेस्त्रींच्या गंगूवैनी. सगळ्यांना नमस्कार.

मी विलास. लेथवाला. मल्लाप्पा मेस्त्रींच्या गॅरेजच्या भिंतीला भिंत लागून माझा टर्निंगचा गाळा आहे. तिथं मी सव्वीस वर्षं उभा राहतोय, पण इथं माईकपुढं उभं राहणं वेगळं असतं हे आत्ता कळालं. जरा सांभाळून घ्या.

आबांनी मला तीन मिनिटं दिलीत. माझ्याआधी सहा जण बोलले. चांगलं बोलले. कुणी म्हणलं, बुलेटचा डॉक्टर गेला. कुणी म्हणलं, कोल्हापूरच्या मातीतला हिरा गेला. बाहेर कमानीवर फ्लेक्स लागलाय. वर मल्लाप्पाअण्णांचा फोटो आणि खाली शोकाकुल म्हणून चाळीसेक नावं. माझंही आहे त्यात, तिसऱ्या ओळीत. येताना मी ती सगळी नावं वाचली. एकेक वाचत गेलो आणि मनात आलं, एवढी माणसं शोकाकुल होती तर आठ वर्षं कुठं होती? अण्णांच्या गॅरेजपुढं एक गाडी का दिसत नव्हती?

आबा, असं बघू नका. मी मला वगळून बोलत नाही. तुम्ही निदान गल्लीपलीकडं होता. मी भिंतीपलीकडं होतो.

माझं तीन मिनिटांत होणार नाही, हे आधीच सांगतो. ज्यांना घाई आहे त्यांनी खुशाल जावं. पण वैनी इथं एका अटीवर आल्यात आणि ती अट पुरी केल्याशिवाय मी माईक सोडणार नाही. परवा मी त्यांच्या घरी गेलतो. म्हणलं, वैनी, मंडळानं सभा ठेवलीय, तुम्ही यायला पाहिजे. त्या चुलीपुढनं उठल्या नाहीत. तिथनंच म्हणाल्या, "त्या मंडळात त्यास्नी आंधळा म्हणलं. तिथंच कोण उठून सांगणार असंल, की चूक त्यांची न्हवती, तर येते. न्हाईतर हार घालाय लई माणसं हाईत."

मी म्हणलं, मी सांगतो.

त्या म्हणाल्या, "तुला काय म्हाईत?"

मी म्हणलं, सभेत सांगतो. म्हणजे आत्ता या घडीला वैनींनाही माहीत नाही मी काय सांगणार ते. त्यांना वाटत असेल, शेजारी आहे, चार चांगले शब्द बोलेल.

मागं नवीन पोरं बसलीत. बटन दाबून गाडी चालू करणारी. तुमच्यासाठी आधी हे सांगितलं पाहिजे की अण्णा नेमकं काय करायचे. मघापासून सगळे डॉक्टर, जादूगार म्हणालेत, पण काम काय होतं ते एकानंही सांगितलं नाही. माणसाचं काम माहीत नसताना त्याला श्रद्धांजली वाहता येते, हेही आजच कळालं.

जुन्या बुलेटला दोन साखळ्या असतात. एक आपल्याला दिसते, मागच्या चाकाची. दुसरी दिसत नाही. ती डाव्या बाजूला मोठ्या झाकणाच्या आत असते, तेलात. तिच्या एका टोकाला इंजिनाचं लहान दातेरी चक्र आणि दुसऱ्या टोकाला क्लचचं मोठं. इंजिनाची सगळी ताकद त्या साखळीवरनं क्लचात जाते आणि तिथनं पुढं. आता ही दोन चक्रं एका रेषेत पाहिजेत. लहान चक्र जरा आत बसलं, तर साखळी तिरकी पळते. पळते बरं का, लगेच काही होत नाही. पण ती एका बाजूनं चक्राचे दात खात राहते, एका बाजूनं स्वतः झिजत राहते, आणि एक दिवस तुटते. झाकणाच्या आत तुटलेली साखळी बाहेर पडायला जागा नसते. ती गोळा होऊन अडकते. इंजिन अडकतं, मागचं चाक अडकतं. पुढं काय होतं ते सांगायला नको.

म्हणून अण्णा झाकण उघडलं की पहिल्यांदा पोलादी पट्टी काढायचे. हातभर लांब, पिशवीत गुंडाळून ठेवलेली. त्या पट्टीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नव्हता. क्लचच्या चक्रावर ती आडवी टेकवायची, दुसरं टोक इंजिनाच्या चक्रावर, आणि मागनं बॅटरी धरायची. पट्टीखालनं उजेड दिसला की समजायचं, चक्र आत आहे. मग जेवढी फट तेवढ्या जाडीचा वॉशर त्या चक्रामागं घालायचा. आमच्यात त्याला वायसर म्हणतात. तो वायसर मी कापायचो.

आणि माप कसं द्यायचे? कागदानं. लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापून त्यांनी एक डबा भरून ठेवलेला. फटीत एकावर एक पट्ट्या सरकवत जायचं, घट्ट बसल्या की त्या तशाच चिमटीत धरून माझ्या गाळ्यात यायचं आणि म्हणायचं, "तम्मा, एवढा." गडहिंग्लजच्याही पलीकडचे ते. धाकट्या भावाला त्यांच्यात तम्मा म्हणतात. मला पहिल्या दिवसापासनं तम्माच म्हणायचे. मी म्हणायचो, अण्णा, माझ्याकडं मायक्रोमीटर हाय, आकडा सांगा की. तर म्हणायचे, "आकडा एका तोंडातनं दुसऱ्या तोंडात गेला की बदलतोय. कागुद बदलत न्हाई."

उद्यमनगरात कुणाचं लग्न ठरलं की अण्णा दहा पत्रिका जादा मागून घ्यायचे. एकाचं लग्न मोडलं तर त्याच्या सगळ्याच पत्रिका घेऊन आले. म्हणाले, कागुद लई चांगला हाय. तो माणूस इथंच बसलाय. हसतोय बघा.

वायसर घातला, साखळी चढवली, की मग क्लच. तिथं त्यांची एक रीत होती आणि ती तुमच्यातल्या प्रत्येकानं भोगलीय. गाडीच्या मालकानं स्टुलावर बसायचं आणि क्लचचा लिव्हर स्वतः दाबून धरायचा. अण्णा किक हातानं फिरवायचे आणि क्लचची प्लेट सरळ फिरते का डुलते ते बघायचे. डुलली की एका स्प्रिंगचा स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, पिळायचा. परत दाबा. परत सोडा. पांढरी पँट घालून आलेले वकील तासभर लिव्हर दाबून बसायचे. मी एकदा विचारलं, अण्णा, मोठ्या माणसांना कशाला बसवता? म्हणाले, "ज्याचा जीव हिच्या भरवशावर हाय, त्याच्या हाताला कळू दे की."

असलं काम करणारा माणूस. आणि त्याला तुम्ही आंधळा म्हणालात.

डोळे कमी झालेले होते. खोटं कशाला बोलू? मोतीबिंदू होता. दोन्ही डोळ्यांत. हे मला माहीत होतं, वैनींना माहीत होतं, आणखी कुणाला नाही. अण्णांनी त्याच्यावर तोड काढलेली. पट्टी तेच धरायचे, कागद तेच सरकवायचे, बोटाला सगळं कळायचं. फक्त शेवटी, वायसर घालून झाला की, भिंतीवर दोनदा पान्हा वाजवायचे. मी जायचो. ते पट्टी टेकवायचे, बॅटरी धरायचे आणि विचारायचे, "उजेड दिसतोय काय?" मी खाली वाकून बघायचो आणि सांगायचो. दीड वर्ष असं चाललं. कुणाला कळालं नाही. दीड वर्षात एक गाडी परत आली नाही.

पाटील सर, आता तुमच्या गाडीवर येतो.

चैत्रातली गोष्ट. जोतिबाच्या यात्रेचे दिवस. मंडळाच्या सगळ्या गाड्या रांगेनं डोंगरावर न्यायच्या असं ठरलेलं, त्यामुळं अण्णांच्या दारात गाड्या लागलेल्या. सरांची गाडी शेवटची. नवीन साखळी घालायची होती. दुपारी चारच्या सुमाराला अण्णा माझ्याकडं कागद घेऊन आले. पाच पट्ट्या. "तम्मा, एवढा. सर सहाला येत्यात."

मी म्हणलं, ठेवा, करतो.

मी का केला नाही, ते सांगतो. मोठं कारण असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. घरात कुणी आजारी होतं, हात चिमटला होता, वीज गेली होती. यातलं काही नव्हतं. चौकातल्या चहाच्या दुकानात टीव्ही होता आणि मॅच चालू होती. बास. एवढंच. मला मॅच बघायची होती. पाच पट्ट्यांचा वायसर कापायचा, घासायचा, आतली कड मारायची म्हणजे पाऊण तास गेला असता. माझ्याकडं डब्यात एक तयार वायसर पडलेला. कुणाच्या तरी गाडीतनं काढलेला. मी तो कागदाला लावून बघितला. तीन पट्ट्या भरल्या. दोन कमी. मला वाटलं, जवळपास आहे की. कापडानं पुसला, तेल लावलं आणि अण्णांच्या हातात दिला.

त्यांनी विचारलं, "एवढ्यात झाला?"

मी म्हणलं, झाला की.

त्यांनी बोटं फिरवली त्याच्यावर. मला वाटलं आता विचारतील. पण बाहेर तीन गिऱ्हाइकं आरडाओरडा करत होती, आबा, त्यात तुम्ही पण होता. "मेस्त्री, आमचं कवा?" म्हणून. ते आत गेले.

मी चहाच्या दुकानाकडं निघालोच होतो तेवढ्यात भिंतीवर दोनदा पान्हा वाजला.

मी गेलो. अण्णा गुडघ्यावर बसलेले. पट्टी टेकवलेली, मागं बॅटरी. "उजेड दिसतोय काय?"

मी वाकलो.

दिसत होता. मंडळी, स्वच्छ दिसत होता. पोरानं सुद्धा सांगितलं असतं.

मी म्हणलं, "न्हाई दिसत, अण्णा."

"नीट बघ."

"बघितलं की. एकदम बसलीया."

आणि मी मॅच बघायला गेलो.

वैनी, खाली बघू नका. माझ्याकडं बघा. तुम्ही विचारलं होतं ना, तुला काय म्हाईत? हे माहीत होतं.

अजून संपलं नाही. इथंच संपलं असतं तर मी म्हणलं असतं, चूक झाली, माणूस आहे. पण साखळी लगेच तुटली नाही. सात महिने चालली. आणि सात महिने सरांची गाडी रोज सकाळी शाळेला जाताना माझ्या गाळ्यावरनं जायची आणि तिच्या डाव्या बाजूनं कुईऽऽ असा बारीक आवाज यायचा. लेथवाल्याचा कान आहे माझा. कुठं काय घासतंय ते झोपेत कळतं मला. मी रोज तो आवाज ऐकला आणि रोज लेथ चालू केला. लेथच्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही, ही मोठी सोय आहे.

अण्णांना पण ऐकू आला. डोळे गेले होते, कान नव्हते गेले. त्यांनी सरांना तीनदा निरोप धाडला. एकदा माझ्यादेखत रस्त्यात थांबवून म्हणाले, "सर, गाडी ठेवून जावा. पुन्हा उघडून बघतो. आवाज बरा न्हाई." सर म्हणाले, नवीन साखळी हाय, बसायला वेळ लागतोय. दिवाळीनंतर बघू. सर, तुम्हाला आठवतंय का? मान हलवली तुम्ही. उपकार झाले. ही मान आठ वर्षांपूर्वी मंडळाच्या बैठकीत हलवली असती तर लई बरं झालं असतं.

दिवाळी झाली. सर सासुरवाडीला आजऱ्याला निघालेले. गावाच्या अलीकडच्या वळणावर साखळी तुटली, चाक जाम झालं आणि गाडी सरांच्या पायावर पडली. तीन ऑपरेशनं झाली. पायात सळई आहे. सर आज काठी घेऊन आलेत, सगळ्यांनी बघितलं. त्या पायानं पुन्हा किक मारली नाही त्यांनी.

सर, तुमचा पाय मी मोडला. आठ वर्षं हे वाक्य तोंडात घेऊन फिरतोय. आज बाहेर आलं.

मग ती बैठक झाली. याच हॉलमध्ये. तुम्ही बसलाय त्याच खुर्च्या. टेबलावर गाडीचं फुटलेलं झाकण ठेवलेलं, तुटलेली साखळी आणि आतनं निघालेला वायसर ठेवलेला, जसं काय खुनाचा मुद्देमाल. अण्णांना बोलावून घेतलं आणि उभं केलं. खुर्ची कुणी दिली नाही. आबा, तुम्ही विचारलंत, वायसर एवढा पातळ कसा? कुणी दिला?

मी तिसऱ्या रांगेत होतो.

अण्णांनी मान वळवली. मी कुठं बसलोय ते त्यांना दिसत नसणार, पण ते बरोबर माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता सांगणार. खरं सांगतो, सरांच्या पायाची आठवण त्या वेळी मला एकदा पण झाली नाही. मला आठवलं काय? मंडळातल्या लोकांचीच कामं माझ्या लेथवर होती. ती बंद पडतील, हे आठवलं.

अण्णा म्हणाले, "काम माझं. पट्टी मी धरलीती."

मग कुणीतरी म्हणलं, म्हाताऱ्याला दिसत न्हाई. आणि एका बहाद्दरानं पुढं जाऊन त्यांच्या नाकापुढं बोटं धरली. "सांगा मेस्त्री, किती?"

साठीचा माणूस. त्यानं तुमच्या बापांच्या गाड्या केलेल्या.

अण्णा म्हणाले, "दोन."

दोनच होती. बरोबर सांगितलं त्यांनी. तरी हॉल हसला. "अंदाजपंचे बोलतोय म्हातारा," म्हणून. बोटं धरणारा आज इथंच आहे. मघाशी हार त्यानंच घातला. नाव घेत नाही. त्याला नावानं बोलवायचं असेल तर आधी मला माझं घ्यायला लागेल, कारण हसणाऱ्यांत मी पण होतो. मोठ्यानं नाही. ओठ हलवले. सगळे हसताना एकट्यानं गप्प बसलं असतं तर कुणाला संशय आला असता.

त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं गेलं. मल्लाप्पाकडं कुणी गाडी देऊ नये. पुसायला कुणाला आठ दिवस वेळ झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा माझ्या गाळ्यात आले. हातात टेबलावरचा तो वायसर. माझ्या लेथवर ठेवला. मी कापलेल्या प्रत्येक वायसरची आतली कड मी तासून गोल करतो, ते माझं काम बोटाला ओळखू येतं. याची कड न तासलेली, धारदार होती.

म्हणाले, "हा तू न्हाई कापलास."

"घेतानाच बोटाला कळालं होतं. मला वाटलं, घाईत कड राहिली असंल. जाडी तरी बरोबर असंल." मग म्हणाले, "आणि उजेड?"

मी उलट विचारलं, अण्णा, काल सांगितलं का न्हाई माझं नाव? तर म्हणाले, "दुसऱ्याच्या डोळ्यानं काम केलं, ती चूक माझी. ती मी घेतली. तुझी तू बघ." आणि वळून जाता जाता म्हणाले, "येतो, पावणं."

पावणं! अठरा वर्षं तम्मा म्हणणारा माणूस. कोल्हापुरात कुणाही अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. रस्ता विचारणाऱ्याला म्हणतात, बसमध्ये जागा मागणाऱ्याला म्हणतात. त्या दिवसापासनं मरेपर्यंत, आठ वर्षं, मी त्यांचा पावणं होतो. "काय पावणं, बरं हाय न्हवं?" भिंतीला भिंत. भांडले नाहीत, शिवी दिली नाही. दिली असती तर मी ऋणी झालो असतो.

कुणी समजू नये की त्यांनी मला माफ केलं. मघाशी एक वक्ते म्हणाले, अण्णांचं मन सागरासारखं होतं, त्यांनी सगळ्यांना माफ केलं. कुणी सांगितलं तुम्हाला? मला नाही केलं. आणि बरोबर केलं.

आता शेवटचं सांगतो. हे सांगणं मला सगळ्यात जड आहे.

पुढच्या वर्षी अण्णांनी दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली. शिबिरात. हिरवी पट्टी निघाली, चष्मा लागला, आणि माणूस लख्ख बघायला लागला. भिंतीवरचं कॅलेंडर लांबनं वाचायचे. मग एका रविवारी स्वच्छ धोतर नेसून ते इथं मंडळात आले. स्वतःहून. मी दारातच उभा होतो. ते आबांना म्हणाले, "आता दिसतंय. डॉक्टरचा कागुद बी आणलाय. एक गाडी द्या. कुणाची बी. शेजारी उभं राहून बघा मी काय करतोय ते."

आबा म्हणाले, "बघू की."

बघू की! आपल्याकडं नाही म्हणायची ही रीत. तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते, पण माणसाला पाच वर्षं, सात वर्षं बसवून ठेवायची लाज वाटत नाही. अण्णा त्या "बघू की"वर थांबले. खरंच थांबले. रोज गॅरेज उघडायचे. झाडायचे. स्टूल पुसून ठेवायचे. लोक दुधाच्या सायकलचं पंक्चर घेऊन यायचे, औषध फवारायचा पंप घेऊन यायचे. ते करायचे, निमूट. पण बाहेरनं बुलेटचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. गाडी गल्लीत वळते का ते बघायचे. गाडी पुढं निघून गेली की परत पंपाचा वायसर बसवायला लागायचे. हे मी भिंतीच्या भोकातनं बघितलंय. एकदा नाही. सात वर्षं.

एक वाक्य बोललो असतो तर ती गाडी गल्लीत वळली असती. एक वाक्य. "आबा, चूक माझी होती." चार शब्द. मला सात वर्षांत जमले नाहीत. दरवेळी कारण असायचं. आधी थोरलीचं लग्न ठरत होतं. मग धाकटीचं. मग वाटलं, आता एवढी वर्षं झाली, आता सांगून काय उपयोग, लोक विसरले असतील. लोक विसरले होतेच. चूक विसरले आणि माणूस पण विसरले. गेल्या मंगळवारी सकाळी अण्णा गॅरेजमध्ये खुर्चीत बसल्या बसल्या गेले. वैनींनी हाक मारायच्या आधी मी बघितलं. मी भिंतीपलीकडनं पहिल्यांदा आत पाऊल टाकलं, आठ वर्षांनी, आणि तेही पावणं म्हणायला आता कुणी नव्हतं म्हणून.

वैनी, तुमची अट होती. कुणीतरी सांगायला पाहिजे की चूक त्यांची नव्हती. तर सगळ्यांनी ऐका, आणि मागच्यांना ऐकू आलं नसेल तर पुढच्यांनी सांगा. मल्लाप्पा मेस्त्रींची चूक नव्हती. वायसर मी दिला. उजेड मी बघितला आणि नाही म्हणालो. आवाज मी ऐकला आणि लेथ चालू केला. या हॉलमध्ये ते उभे होते आणि मी बसलो होतो. त्यांचं काम शेवटपर्यंत बरोबर होतं.

मी माफी मागणार नाही, वैनी. मागितली की तुम्हाला चार लोकांत मान हलवावी लागेल, आणि तेवढं ओझं पण मला तुमच्यावर घालायचं नाही. तुम्ही घरी जाऊन मला काय म्हणायचं ते म्हणा. माझं दार तिथंच आहे.

पाटील सर, तुम्हाला काय करायचं असेल ते करा. पोलिसात जायचं असेल तर मी बरोबर येतो.

आणि मंडळी, तुमचा अण्णांवर एवढा जीव असेल, तर तो बाहेरचा फ्लेक्स उतरवा. आठ वर्षांपूर्वी फळ्यावर जे लिहिलं ते चूक होतं, एवढं एक वाक्य त्याच फळ्यावर लिहा आणि खाली चाळीसच्या चाळीस जणांनी सह्या करा. पहिली सही मी करतो. कोण कोण उठतंय ते वैनींना बघू दे.

आबा, तुमची घड्याळाकडं नजर गेली. कार्यक्रमात पुढं दोन मिनिटं मौन आहे, मला माहीत आहे. घ्या. सगळ्यांनी उभं राहा. सर, तुम्ही बसूनच राहा. मी मात्र त्यात उभा राहणार नाही. मी खाली उतरून फळ्याजवळ जातो, खडू घेऊन.

तुमच्यात नमस्काराला म्हणतात तसं, शरणार्थी, अण्णा.

मी आठ वर्षं मौन पाळलं. माझं संपलं. आता तुमचं सुरू करा.